सतरा नंबरचा सभासद

माझं काम काय आहे, हे आमच्या घरात अजून कोणाला धड सांगता आलेलं नाही. आईनं एकदा शेजारच्या काकूंना सांगितलं, "कपाटं लावते, पण कॉम्प्युटरातली." मी आतून ऐकत होते, रागच आला. मग विचार केला, याहून बरं आपल्यालाही सांगता येत नाही. मी डेटाबेसचं काम करते. लोकांच्या कंपन्यांची माहिती टेबलांमध्ये लावून ठेवायची, मागितली की सापडली पाहिजे आणि कधी हरवली नाही पाहिजे. घरातलं कपाट मी लावत नाही, ती गोष्ट वेगळी.

बाबांना या कामाचं काडीचं कौतुक नव्हतं. आमचं घर विणकरांचं. बाबांनी तरुणपणीच माग सोडून कचेरीत नोकरी धरली, पण जीव तिकडेच राहिला. रविवारी सकाळी तर्री-पोहे खाल्ले की ते गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत विणकरांच्या सोसायटीत जाऊन बसतात. पेपर वाचतात, वाद घालतात आणि जेवायच्या वेळी घरी येतात. अशाच एका रविवारी जेवता जेवता म्हणाले, "सोसायटीचं सारं कॉम्प्युटरवर घ्याचं हाय. मी तुह्यं नाव सांगून आलो."

"मले न इचारता?"

"तुले काय इचाराचं? समाजाचं काम हाय. शिकलेली पोट्टी काय फक्त अमेरिकेचंच काम करन का?"

घरी आम्ही असंच बोलतो. ऑफिसात मी इस्त्रीची मराठी बोलते आणि हे लिहितानाही तीच चालवायचा विचार आहे, पण राग आला की माझी इस्त्री मोडते. त्या दिवशी मोडली होती. तरी पुढच्या रविवारी लॅपटॉप घेऊन गेलेच, कारण बाबांना नाही म्हणून आमच्या घरात कोणाचं जेवण पचलेलं नाही.

सोसायटी म्हणजे दोन खोल्या. एकीत सुताचे गठ्ठे. दुसरीत एक लाकडी कपाट, एक जुना कॉम्प्युटर, भिंतीवर वारलेल्या अध्यक्षांचे फोटो आणि त्यांच्याखाली खुर्चीत हयात अध्यक्ष. हे अध्यक्षकाका बाबांच्या वयाचे, अंगानं बारीक आणि आवाजानं जाड. कॉम्प्युटरजवळ मास्तर बसायचे. शाळेतून रिटायर झालेले, आता सोसायटीची लिखापढी बघतात. त्यांना टाइपिंग येत होतं, पण प्रत्येक अक्षराआधी ते किबोर्डकडे अशा नजरेनं बघायचे की जणू तो आता उलट उत्तर देणार आहे.

सोसायटीचा रिवाज मला तिथंच पहिल्यांदा नीट कळला. प्रत्येक विणकराला एक नंबर असतो. सूत मिळतं ते नंबरावर. साडी विणून होत आली की पदराच्या आतल्या कोपऱ्यात, रंगीत धाग्यानं, तो नंबरही विणायचा. इतवारीच्या बाजारातले दुकानदार विणकराचं नाव विचारत नाहीत, कोपरा उलटून नंबर बघतात. आणि सभासद वारला की त्याचा नंबर मोठ्या मुलाला. रजिस्टरात बापाच्या नावावर रेघ, वर मुलाचं नाव. असं पिढ्यान्‌पिढ्या. त्यामुळे एकापासून शेवटपर्यंत नंबरांमध्ये कुठं खाडा नाही, सगळे भरलेले. अध्यक्षकाकांना या गोष्टीचा भारी अभिमान.

मी कपाळाला हात लावला. आमच्या धंद्यात टेबलातल्या प्रत्येक ओळीला स्वतःची एक ओळख द्यावी लागते, तिला प्रायमरी की म्हणतात. नाव चालत नाही, कारण एकाच गल्लीत एकाच नावाची तीन माणसं निघतात. फोन बदलतात. म्हणून नंबर द्यायचा, आणि तो माणसानं नाही, डेटाबेसनंच द्यायचा. नवी ओळ आली की आपोआप पुढचा नंबर. त्याला ऑटो-इन्क्रिमेंट म्हणतात. यात दोन गोष्टी सांभाळायच्या. दिलेला नंबर बदलायचा नाही, आणि माणूस गेला तरी त्याचा नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही. नाहीतर एकाचं केलेलं दुसऱ्याच्या नावावर दिसायला लागतं.

हे मी अध्यक्षकाकांना समजावून सांगितलं. म्हटलं, "काका, बापानं विणलेल्या साड्या उद्या पोराच्या नावावर दिसतील ना."

"मंग? बापाचं पोराचंच असते."

"आन् पोरगा विणतच नसला तं?"

"नंबर राहीन तं विनन कधी ना कधी."

मी दुसरी वाट काढली. कॉम्प्युटरच्या पोटात एक नंबर ठेवू, तो कोणाला दिसणार नाही. तुमचा सोसायटीचा नंबर वेगळा राहील, तो ज्याला द्यायचा त्याला द्या. खरं तर हेच बरोबर होतं आणि अजूनही मी हेच म्हणेन. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "एका मानसाले दोन-दोन नंबर कायले पाह्यजे? आमची मानसं एकाच नंबरात जन्म काढतात." मास्तरांनी मान हलवली. बाबांनीही हलवली! मग ठरलं की सोसायटीचा नंबर हाच टेबलाचा नंबर, आणि नवा कोणी आला तर त्याला कॉम्प्युटर पुढचा देईल. वारलेल्यांचं काय करायचं ते कमिटी दर वेळी ठरवेल. मी हो म्हटलं आणि घरी येऊन उशीला दोन बुक्के मारले.

जुने सभासद चढवायला बसले तेव्हा काकांनी एक जागा मोकळी ठेवायला सांगितली. सतरा. "त्याचं अजून ठरून राहिलं," म्हणाले.

सतरा नंबरचे आजोबा नुकतेच वारले होते. ते करवतकाठी विणायचे, काठाला करवतीच्या दातांची नक्षी असते ती. त्यांना दोन मुलं. मोठा शहराबाहेर वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोडाउनवर सुपरवायझर, धाकटा कळमेश्वरला कारखान्यात पाळीवर जातो. दोघांनीही मागाला कधी हात लावला नाही. शिकली ती धाकटी सून. ती आमच्या दूरच्या नात्यात वहिनी लागते, म्हणून मी तिला वहिनीच म्हणते. माहेर उमरेडचं, तिथं घरात माग होता, पण पोरींना त्यावर बसू देत नव्हते. सासऱ्यानं, तिच्या मामाजीनं, बसवलं. स्वतः मागे उभं राहून, हातावर हात ठेवून शिकवलं. आजोबांचे डोळे गेले त्यानंतरची सतरा नंबरची प्रत्येक साडी वहिनीच्या हातची आहे, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. इतवारीला माहीत नव्हतं. तिथं ती म्हाताऱ्याची साडी पोचवायला येणारी सून होती.

आता रिवाजाप्रमाणे सतरा मोठ्या मुलाचा. तो वहिनीचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. त्यानं काही लपवलं नव्हतं. बाहेरून तयार साड्या उचलायच्या, कोपऱ्यात धाग्यानं सतरा भरून घ्यायचा आणि इतवारीत विकायच्या, असं तो पानठेल्यावर उघड सांगत फिरत होता. वहिनीला सोसायटी नवी सभासद करून घेणार होती, म्हणजे सूत मिळालं असतं. पण नंबर रांगेतला शेवटचा. आणि शेवटच्या नंबरची साडी इतवारीत कोण उलटून बघतो?

ती एका दुपारी आमच्या घरी आली. आईनं चहा ठेवला तर नको म्हणाली. खूप वेळ पदराचं टोक पिळत बसली आणि मग मला म्हणाली, "नंबर गेला तं माह्याजवळ काय राह्यलं वं? तूच तं लिवून राहिली ना कॉम्प्युटरवर. लिव ना माह्या नावानं."

"वहिनी, मी लिहिणारी आहे. ठरवते कमिटी."

"हाव," ती म्हणाली, "सारे लिवनारेच असतात." आणि उठून गेली. मला इतकं लागलं की मी आईवर खेकसले, चहा एवढा गोड का केला म्हणून. तो चहा मी प्यालेही नव्हते.

पुढच्या रविवारी कमिटी बसली. आधी वहिनीची नवी नोंद करायची आणि मग सतरा भासऱ्याच्या नावावर चढवायचा, असं ठरून आलेलं होतं. भासरे कडक इस्त्रीचा शर्ट घालून काकांच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. त्यांच्यासमोर म्हणून वहिनी डोक्यावर पदर घेऊन दाराजवळ उभी. बाबा पेपरामागे. मी मास्तरांना वहिनीचं नाव, पत्ता भरायला शिकवलं, म्हटलं, आता हे बटण दाबा, नंबर कॉम्प्युटरच देईल. तेवढ्यात माझा ऑफिसचा फोन वाजला. रविवार असला तरी. मी बाहेर गल्लीत गेले.

फोनवर बोलता बोलता आतलं ऐकू येत होतं.

"लाल लाल काहीतरी येऊन राहिलं."

"पुन्हा दाबा ना गा मास्तर."

"पुन्हा तेच."

"अजून दाबा. नवी चीज हाय, गरम होईन मंग चालन."

मला वाटलं इंटरनेट गेलं असेल. फोन संपवून आत आले तोवर मास्तर हट्टाला पेटून दाबतच होते, लिफ्ट येत नाही म्हणून लोक दाबत राहतात तसे. मी "थांबा" म्हणणार, तोच लाल ओळ गेली आणि हिरवी आली. मास्तरांनी चष्मा वर केला आणि मोठ्यानं वाचलं, "नोंद झाली. सभासद क्रमांक सतरा."

बाबांचा पेपर खाली आला.

"मी काई नाई केलं बाप्पा," मास्तर म्हणाले. दोन्ही हात त्यांनी किबोर्डवरून उचलून वर धरले होते. "मी फक्त बटन दाबलं. सतरा यानंच देला."

अध्यक्षकाका खुर्चीतून उठून स्क्रीनजवळ आले. त्यांनी सतरा हा आकडा बोटानं टेकून पाहिला. मग हळूच म्हणाले, "यंत्राले कोन नातं सांगनार? त्यानं देला तं देला." मला दिसलं की त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलंय. इतके दिवस त्यांनाही हे ठरवायचं जिवावर आलं होतं, आणि आता त्यांच्याऐवजी कोणीतरी ठरवलं होतं, ज्याच्याशी वाडीहून येऊन भांडता येत नाही.

मला मात्र क्षणात कळलं होतं काय झालंय. जुने सभासद मी त्यांच्या जुन्या नंबरांसकट टेबलात घातले होते. पण नवे नंबर देणारा जो मोजणारा असतो, तो टेबलात बघत नाही. तो आपला वेगळा बसलेला असतो. त्याला सांगावं लागतं की बाबा रे, एवढे नंबर देऊन झालेत, तू याच्या पुढून सुरू कर. ते सांगायचं राहिलं होतं. मग तो एकापासून सुरू झाला. एक भरलेला, म्हणून लाल ओळ. पुन्हा दाबल्यावर दोन, तोही भरलेला. आणि नोंद फसली तरी हा मोजणारा मागे येत नाही, दिलेला आकडा त्याच्या दृष्टीनं दिलेला असतो. मास्तर दाबत गेले, तो वर चढत गेला, आणि पहिली मोकळी जागा आली तिथं त्यानं वहिनीला बसवलं. रिवाजामुळे सगळ्या जागा भरलेल्या होत्या. मोकळी एकच होती.

मी दाराकडे पाहिलं. वहिनीचा पदर डोक्यावरून घसरला होता आणि तिला त्याचं भान नव्हतं. मी तिला इतकं खूश तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

मी गप्प बसू शकले असते. कोणालाही कळलं नसतं, निदान तेव्हा. पण पुढचा नवा सभासद आला असता की त्या मोजणाऱ्यानं अठरा दिला असता, पुन्हा लाल ओळी, पुन्हा दाबादाबी, आणि मग सगळ्यात आधी भासऱ्यांनीच विचारलं असतं. ते तर होतंच. पण खरं सांगू? तिच्या हातानं नावारूपाला आणलेला नंबर तिला माझ्या चुकीनं मिळावा, हे मला सहन होईना. तिला तो हक्कानं मिळायला पाहिजे होता. रागानं माझे कान तापले होते, आणि राग नेमका कोणाचा हे आता सांगता येणार नाही.

"काका, यंत्रानं न्याय-बिय नाही केला," मी म्हटलं. "माझं सांगायचं राहिलं त्याला. तो खालून मोजत आला आणि रिकामी जागा दिसली तिथं थांबला."

मग सगळं समजावून सांगितलं. सांगताना दाराकडे बघितलं नाही.

भासरे आता मोकळे झाले. "म्हनजे चुकलं ना? मंग खोडा," ते म्हणाले. "मी पयल्यापासून काय म्हनून राहिलो? माह्या बापाचा नंबर हाय तो. माह्या बापाचा."

काकांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या डोक्यावर ओझं परत बसलेलं मला दिसत होतं. "रिवाज तं तसाच हाय," ते पुटपुटले. "काढा बाई तिचं नाव तिथून."

मी माउस हातात घेतला. तेव्हा दारातून आवाज आला. वहिनीनं पदर पुन्हा डोक्यावर घेतला होता आणि ती माझ्याशीच बोलत होती, कारण भासऱ्यांशी तोंड वर करून बोलायची आमच्यात पद्धत नाही.

"कॉम्प्युटरच्या रिवाजात मानूस मेला तं त्याचा नंबर कोनाले भेटते वं?"

"कोणालेच नाही वहिनी. ज्याचा त्याचाच राहते. नवा आला त्याले पुढचा."

"मेल्यावरबी त्याचाच?"

"हाव. नाव तसंच राहते, त्यानं विणलेलं सारं त्याच्याच नावावर राहते. बाजूले लिहायचं, वारले म्हणून."

"रेघ नाई मारत?"

"नाही."

मी वळून बघितलं. तिचा चेहरा शांत होता, फक्त पदराचं टोक पुन्हा पिळलं जात होतं. मग ती काकांकडे वळली. "काका, भासरे म्हनून राहिले ते खरं हाय. मामाजीचाच नंबर हाय तो. मी कधी माहा नाई म्हटला. मंग मामाजीचाच राहू द्या ना. त्यायच्या नावावर रेघ कायले मारता? मले आखरीचा द्या."

आधी मला कळलंच नाही की ती काय करून बसली. ज्याच्यासाठी आमच्या घरी रडकुंडीला आली होती, तो नंबर तिनं आपल्या तोंडानं सोडून दिला होता. पण भासऱ्यांना कळलं होतं. इतका वेळ "माह्या बापाचा, माह्या बापाचा" केल्यावर आता भरल्या कमिटीत उभं राहून कोणता मुलगा म्हणणार, की माझ्या बापाच्या नावावर रेघ मारा? त्यांनी तोंड उघडलं, काकांकडे पाहिलं, भिंतीवरच्या फोटोंकडे पाहिलं आणि शेवटी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"मले वाडीले जाचं हाय," ते म्हणाले. "गाड्या लागून राहिल्या असतीन."

ते गेल्यावर काका बराच वेळ टेबलावर बोटं वाजवत बसले. मग मला विचारलं, "म्हनजे मी गेलो तं माह्या नावावरबी रेघ नाई?"

"तुमच्याही नाही काका."

"आन् पोराले?"

"त्याला विणायचं असलं तर त्याचा नंबर घेईल."

"तो काय विनते," काका म्हणाले आणि पहिल्यांदा हसले. "लिवा मास्तर. वारलेल्याचा नंबर बंद. सोसायटीचा ठराव." बाबांनी पेपर घडी करून ठेवला आणि अनुमोदक म्हणून आपलं नाव सांगितलं. मी त्यांच्याकडे बघितलं तर म्हणाले, "पाहून काय राहिली? तू म्हनत होती तेच तं झालं."

मी ती चुकीची ओळ काढली. सतरावर आजोबांचं नाव घातलं, बाजूला लिहिलं, वारले. वहिनी माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती. "नाव नीट लिवजो," म्हणाली. मग मोजणाऱ्याला सांगितलं की इथून पुढे चल, आणि मास्तरांना म्हटलं, आता दाबा, एकदाच. हिरवी ओळ आली. एकशे तेवीस. मास्तरांनी वाचून दाखवलं. वहिनीनं मान हलवली, काकांच्या पाया पडली आणि चपला घालून बाहेर पडली.

मी धावत गल्लीत गेले. माझी इस्त्री पार मोडली होती. "वहिनी, काहून सोडला तुमी? थोडं भांडायचं तं होतं. मी होती ना, बाबा होते."

"भांडून भेटला असता का?"

मी तिचा हात धरला.

"त्यायच्या हाती जाऊन त्याच्यावर भलत्याच साड्या इकल्या असत्या," ती म्हणाली. "मामाजी वरून पाहून राहिले असते. त्यापरीस बंद झाला तं बरं."

"आन् तुमचं काय?"

"माह्यं काय? हात हायेत ना." असं म्हणाली खरी, पण गल्लीच्या कोपऱ्यावर वळेपर्यंत तिनं मागे पाहिलं नाही.

नव्या नंबरची पहिली साडी झाली तेव्हा तिनं मला फोन केला, इतवारीला सोबत येतेस का म्हणून. याआधी तिनं कधी सोबत मागितली नव्हती. मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली. रस्त्यात तिनं पिशवीतून पदराचा कोपरा काढून दाखवला. एकशे तेवीस. आकडे जरा दाटीवाटीनं बसले होते. "एक विनला का हात आपोआप सातावर जाते," ती म्हणाली. "दोनदा उसवलं."

दुकान जुनं, गादीवर पांढरी चादर. शेठनं चष्म्यावरून पाहिलं आणि ओळखलं. "या. सतरा आणली?"

"सतरा वारले," वहिनी म्हणाली.

शेठ हळहळले. चांगला हात होता, म्हणाले, असा हात आता बघायला मिळत नाही. मनापासून बोलत होते. मी वहिनीकडे पाहिलं, ती चादरीकडे बघत होती. मग तिनं पिशवीतली साडी पुढे सरकवली. शेठनं कोपरा उलटला, नंबर वाचला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. काठ दोन बोटांत धरून उजेडात नेला, करवतीचे दात नखानं तपासले, उलटी बाजू पाहिली.

"चांगली आहे," शेठ म्हणाले. "बरीच चांगली आहे. पण सतराची सफाई वेगळी होती."

माझ्या जिभेवर आलं होतं सगळं. वहिनीनं पिशवीच्या आडून माझा पाय असा दाबला की मी "आई गं" तेवढंच म्हणाले.

"विणली कोणी?" शेठनं विचारलं.

"मी."

"नव्या आहात वाटतं."

"हाव," वहिनी म्हणाली. "नवी हाय."

शेठनं साडी ठेवून घेतली. आतल्या बाजूला, नव्या लोकांच्या गठ्ठ्यात, सगळ्यात खाली. विकली गेली तर सांगतो म्हणाले.

बाहेर आल्यावर मी फुटलेच. म्हटलं, सतराची सफाई म्हणे, ज्या हाताची सफाई तो हात समोर बसला होता, आणि तुम्ही गप्प बसलात, मला का बोलू दिलं नाही, एका वाक्यात सगळं सरळ झालं असतं. गर्दी होती, हातगाड्या होत्या, लोक वळून बघत होते, मला पर्वा नव्हती. वहिनी चालतच होती. एका बंद दुकानाच्या पायरीजवळ ती थांबली आणि तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडते आहे. रडतच होती. पण पदर खाली घेतला तेव्हा ती हसतही होती.

"इतके वर्सं मी या दुकानात येऊन राहिली," ती म्हणाली. "आज पयल्यांदा त्यानं मले इचारलं, विनली कोनी म्हनून."